जगलं ते मालकाचं, मेलं ते महाराचं : गाईच्या वेतामागचा इतिहास

आमची आजी खरवस खात नसे. उल्हासनगरच्या दोन खोल्यांच्या घरात कुणी चीक आणला, गूळ-वेलची घालून वड्या पाडल्या, तरी ती ताटली बाजूला सारायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, तिला पचत नसेल. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं. तिच्या गावात गाय व्याली आणि वासरू जगलं की खरवस मालकाच्या भावकीत फिरायचा. महारवाड्यात आलाच तर लांबून, वरून भांड्यात टाकलेला. पण वासरू पोटातच मेलं, किंवा वार अडकून गाय गेली, तर पहिला निरोप महारवाड्यात यायचा. "जगलं ते त्यांचं, मेलं ते आपलं," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

आज गाईवर बोलणाऱ्यांची कमी नाही. मोर्चे निघतात, कायदे होतात, रात्री टेम्पो अडवले जातात. पण या सगळ्या आरडाओरड्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही : गाय वितेच कशी, तिला वाढवतं कोण, तिचा गोऱ्हा पुढे जातो कुठे आणि ती मेल्यावर तिला उचलतं कोण? गाईचा इतिहास देव्हाऱ्यातून सांगितला की तो श्रद्धेचा होतो. गोठ्यातून सांगितला की तो श्रमाचा आणि जातीचा होतो. आम्ही दुसऱ्या ठिकाणाहून सांगणार आहोत.

वेत म्हणजे कुणब्याचा जुगार

गाय साधारण २८० दिवस गाभण राहते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास. म्हैस थंडीत माजावर येते, म्हणून तिच्या विण्याचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आगेमागे पडतो. अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड हा पट्टा भाताचा. इथल्या शेतकऱ्याला दूध हवं होतं, पण त्याहून जास्त हवी होती चिखलणीला जोडी. बैल नाहीतर रेडे. त्यामुळे कालवड झाली तरी आनंद, गोऱ्हा झाला तरी आनंद. या बाजूची गुरं अंगाने लहान, पण पावसात आणि डोंगरात टिकणारी. कोकणातल्या अशा गाईंना 'कोकण कपिला' या नावाने जातीची नोंद अलीकडे मिळाली. वाढवणाऱ्यांनी मात्र ती पिढ्यान् पिढ्या वाढवली.

पण प्रत्येक वेत हा जुगार होता. कास भरली, पाणमोट फुटली, आता वासरू सरळ येईल की आडवं? वार पडेल की आत कुजेल? विल्यावर गाय उठेल की दूधतापाने मान टाकेल? त्यात पावसाळ्यात घटसर्प आणि फऱ्या. आणि या सगळ्यांच्या वर बुळकांडी. हा रोग आला की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली, जी पुढे उत्तरेत हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. पण डोंगरपायथ्याच्या गावापर्यंत ना डॉक्टर पोचत होता, ना लस. गावात एकच खातं चोवीस तास उघडं होतं, मेलेलं जनावर उचलण्याचं. ते खातं म्हणजे महारवाडा.

वतन नावाचा फास

हे काम महारांनी निवडलेलं नव्हतं. ते वतनात बांधलेलं होतं. वेशीची राखण, सरकारी टपाल, सारा भरायला शेतकऱ्याला बोलावणं, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याला चारा आणि मेलेलं ढोर ओढणं. मोबदल्यात काय? थोडी वतनी जमीन, बलुत्याचं धान्य, शिळी भाकरी आणि मेलेल्या ढोराचा 'हक्क'. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत हाही एक. ज्याला हक्क म्हणतात ती वस्तू नको म्हणता येत नसेल, तर तिला हक्क म्हणायचं की सजा?

या व्यवस्थेची दुसरी बाजू बाबासाहेबांनी नेमकी पकडली आहे. भारतीय खेड्यातले अलिखित नियम मांडताना त्यांनी नोंदवलं, की अस्पृश्याने जमीन किंवा गुरं यांसारखी संपत्ती मिळवणं हाच तिथे गुन्हा मानला जातो. हे वाक्य आजीच्या वाक्याशेजारी ठेवून बघा. जिवंत गाय बाळगायची बंदी, मेलेली गाय ओढायची सक्ती. जगण्याच्या वेळी गाय माता, मेल्याबरोबर तीच विटाळ. आणि तो विटाळ पेलायला एक अख्खी जमात जन्माने नेमलेली.

यात आणखी एक क्रूर पेच होता. ज्याला मेलेल्या जनावराचं कातडं मिळतं, त्याच्यावर जनावर मारल्याचा संशय घेणं सोपं असतं. इंग्रजी राजवटीतल्या कागदपत्रांत देशभर 'गुरांना विष घालणं' हा गुन्हा वारंवार येतो आणि बोट जातं कातडी सोलणाऱ्या जातींकडे. गाभण गाय साथीने गेली तरी डोळे महारवाड्याकडे वळायचे. अंगावर काम लादायचं आणि त्याच कामाच्या आधारे गुन्हेगार ठरवायचं. आज रात्री हायवेवर टेम्पो अडवून ड्रायव्हरचं नाव विचारणारे लोक या जुन्या संशयाचेच वारसदार आहेत.

महाड, बदलापूर आणि पाचशे रुपयांचा हिशेब

१९ आणि २० मार्च १९२७. महाडची परिषद. आपल्याला चवदार तळं आठवतं आणि ते आठवायलाच हवं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा, अंगावर लादलेली हीन कामं झुगारण्याचा संदेश दिला, हे आपण दुय्यम करून टाकतो. पाणी हा दुसऱ्याने नाकारलेला हक्क होता. मृतमांस हा दुसऱ्याने गळ्यात बांधलेला 'हक्क' होता. एक मिळवायचा आणि एक फेकायचा, या दोन्ही कृती मिळून महाड पूर्ण होतं.

त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, बाबासाहेब आपल्या बदलापुरात आले. शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. आज बदलापूरच्या स्टेशनबाहेर गर्दीत उभं राहणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक आहे? त्या काळी हे भाताचं, गुराढोरांचं गाव होतं. जवळच्या अंबरनाथला इ.स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर. महादेवाच्या देवळात नंदीला मान असतो. त्याच पंचक्रोशीत खरा बैल मेला की तो ओढणाऱ्याला देवळाची पायरी नव्हती. दगडाचा बैल आत, मातीचा माणूस बाहेर. अशा मुलखात अस्पृश्य समाजातला एक बॅरिस्टर सार्वजनिक उत्सवाच्या अध्यक्षस्थानी बसला, ही घटना लहान नाही.

मृत जनावरं ओढणं सोडा, या हाकेला उत्तर काय आलं? हिशेब आला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो किस्सा स्वतः सांगितला. 'केसरी'तून लिहिलं गेलं की ढोरं ओढणं सोडल्याने महारांचं नुकसान होतं, कातडं, शिंगं, हाडं यांतून वर्षाला पाचशे रुपये सुटतात. पुढे संगमनेरला कुणीतरी तोच प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती दिला. बाबासाहेबांनी भर सभेत विचारलं, एवढा फायदा असेल तर तुम्हीच का नाही ओढत? ते पाचशे तर मिळतीलच, वर माझ्या पदरचे पाचशे देतो. अर्थातच कुणी पुढे आलं नाही.

मित्रांनो, हे नुसतं हजरजबाबीपण नाही. हा समाजशास्त्राचा धडा आहे. कामाची किंमत बाजार ठरवत असता, तर पाचशे रुपयांच्या कामाला रांग लागली असती. रांग लागली नाही, कारण त्या कामाला रुपयांची नाही, जातीची पाटी लावलेली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच पाटीवर घाव घालायला. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने संपायला मात्र १९५८ उजाडावं लागलं. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

गोमांस आधी कुणी सोडलं?

१९४८ साली आलेल्या अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. अस्पृश्य गोमांस का खातात, हा प्रश्न नाही. ब्राह्मणांनी ते का सोडलं, हा प्रश्न आहे. वैदिक काळात पाहुण्यासाठी गाय कापली जायची, म्हणून पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत, हे त्यांनी दाखवून दिलं. मग बौद्ध धम्माने यज्ञातल्या हिंसेवर प्रहार केला. शेतकरी समाज त्या बाजूने झुकला. मात करायची तर एक पाऊल पुढे जायला हवं, म्हणून गाय पवित्र झाली. त्यात जे गरीब होते, पराभूत टोळ्यांतून तुटून गावाबाहेर राहत होते आणि मेलेल्या गाईचं मांस खाऊन जगत होते, ते अस्पृश्य ठरले. इ.स. ४०० च्या सुमारास हे घडलं, असं त्यांचं अनुमान.

या अनुमानावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते असू द्यावेत. बाबासाहेब पोथी नाही, पद्धत देऊन गेले. ती पद्धत अशी, की पावित्र्य आकाशातून पडत नाही, त्याला तारीख असते, कारण असतं आणि कुणाचा तरी फायदा असतो.

इथे दीघनिकायातलं कूटदंत सुत्त आठवतं. कूटदंत ब्राह्मणाने महायज्ञासाठी सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी बांधून ठेवल्या होत्या. भगवान बुद्ध त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगतात. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेले. त्यावर उपाय काय? फाशी नाही, बंदी नाही. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बियाणं आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. शेवटी कूटदंत ती सगळी जनावरं सोडून देतो. गाय वाचवण्याचा हा बौद्ध मार्ग आहे. हातात काठी नाही, गोठ्यात चारा.

दोन कायदे, एक वासरू

आता कायद्याकडे येऊ आणि अवघड जागेपासून सुरुवात करू. घटनेतलं ४८ वं कलम. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी ठाकूरदास भार्गव यांनी सुचवलेली गोहत्याबंदीची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली. विरोधक हे आपल्या तोंडावर फेकतात, आणि आपले काही लोक ते लपवतात. लपवायचं कारण नाही. हे कलम मूलभूत हक्कांत घालण्याचीही मागणी होती. ते गेलं मार्गदर्शक तत्त्वांत. त्याची सुरुवात धर्माने होत नाही, शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. म्हणजे घटनेची कसोटी गोठ्याची आहे, देव्हाऱ्याची नाही. त्या कसोटीवर पुढचे कायदे तपासा.

१९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गाईची, तिच्या नर-मादी वासरांची कत्तल बंद केली. काम न होणारा बैल मात्र दाखला घेऊन विकता येत होता. शेतकऱ्याच्या हिशेबात ही फट महत्त्वाची होती. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत नवा गोऱ्हा घरी येत असे. मुरबाड तालुक्यातली म्हसाची यात्रा याच चक्रावर भरत आली, पौषात बैल घ्यायचा आणि विकायचा. १९९५ साली विधिमंडळाने ती फट बुजवणारं विधेयक केलं आणि ते वीस वर्षं पडून राहिलं. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींची संमती आली आणि मार्चमध्ये बैल, वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आलेलं मांस बाळगण्यावरची बंदी आणि आरोपीवरच निर्दोषत्वाचा भार टाकणारं कलम रद्द केलं. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

त्याआधी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या २०२१ च्या डिसेंबरात. म्हणजे मधल्या काळात गोऱ्ह्यासमोर चिखलणीला पॉवर टिलर उभा, शर्यत बंद आणि म्हातारपणी विक्री बंद. सांगा, नर वासरू जन्माला आलं तर शेतकऱ्याने हसावं की रडावं? सरकारलाही उत्तर माहीत आहे. म्हणून तर एकीकडे गोवंश पवित्र म्हणत दुसरीकडे मादीच वासरं जन्मावीत अशा लिंगनिर्धारित रेतमात्रा अनुदानात दिल्या जातात. वळू पूज्य, पण जन्मू नये! भक्तीचा हा हिशेब आम्हाला तरी कळत नाही.

२०१२ च्या पशुगणनेत राज्यात दीड कोटीहून जास्त गोवंश होता. २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांच्या घरात आला. म्हशी मात्र साधारण ५६ लाखांवर टिकून राहिल्या. दुष्काळ, ट्रॅक्टर, चाऱ्याचा भाव अशी यामागे अनेक कारणं आहेत, सगळं खापर एका कायद्यावर फोडणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण जिला विकता येतं ती म्हैस टिकली आणि जिला विकता येत नाही ती गाय घटली, याकडे डोळेझाक करणंही अप्रामाणिकपणाच. मग ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता' घोषित केलं आणि गोशाळांना प्रत्येक देशी गाईमागे रोज पन्नास रुपये अनुदान ठरवलं. गोशाळेतल्या गाईला पन्नास रुपये. आणि ज्या कातकरी, आदिवासी, कुणबी, बौद्ध शेतकऱ्याच्या दारात गाय रात्रभर कळा देते, त्याला? त्याला फक्त घोषणा.

आता दुसरा कायदा. बैलबंदीच्या त्याच २०१५ साली संसदेने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मृत जनावर उचलायला, विल्हेवाट लावायला भाग पाडणं हा गुन्हा आहे. आजीच्या गावावर बाबासाहेबांच्या लेकरांनी मिळवलेला हा विजय आहे. पहिल्या कायद्याच्या बातम्या टीव्हीवर महिनाभर चालल्या. दुसऱ्या कायद्याचं हे कलम आपल्याच वस्तीत दहातल्या आठ जणांना आम्हाला समजावून सांगावं लागलं.

आणि या दोन कायद्यांच्या मधोमध ११ जुलै २०१६ चा उना उभा आहे. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. मग गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. संगमनेरच्या सभेत जे उत्तर शब्दांत दिलं गेलं होतं, ते कित्येक वर्षांनी रस्त्यावर दिलं गेलं.

आपल्या शहरांत

कुणी म्हणेल, आपण कारखान्यांच्या गावातले, आपला गाईशी काय संबंध? आपल्या आज्या-आजोब्यांनी गावकी टाकून लष्करी छावणीच्या जागेवर वसलेल्या उल्हासनगरात, आगपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या अंबरनाथात घरं केली, ती या संबंधातून सुटण्यासाठीच. पण संबंध सुटला का? शहराच्या कडेला तबेले आहेत. तिथे म्हैस विते, रेडकू झालं तर त्याच्या वाट्याचा चीकही बादलीत जातो आणि ते काही दिवसांत मरतं. कचरापेटीशेजारी मोकाट गाय प्लास्टिक खाऊन फुगते आणि मरते. मग ठेकेदाराची गाडी येते. गाडीवर कोण असतं? हातमोजे असतात का? त्यांची आडनावं काय? कधीतरी थांबून विचारा. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा वासरं पटापट गेली. खड्डे खणायला कोणाला बोलावलं, हेही आपापल्या गावी विचारा. गावगाड्याची चाकं रबराची झाली आहेत, पण वाट तीच आहे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. मृत जनावरांची विल्हेवाट यंत्राने, सुरक्षा साधनांसह आणि जात न पाहता नेमलेल्या कायम कामगारांकडून व्हावी. जिथे सक्ती दिसेल तिथे अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावायला आपण पोलीस ठाण्यात बरोबर जावं. गोशाळेचं अनुदान आधी गाभण जनावर पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला, चारा आणि पशुवैद्याच्या रूपात मिळावं. आणि दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा धागा न सोडता आपल्या लोकांची गायरानं नावावर व्हावीत. जमीन नाही तर गोठा नाही, गोठा नाही तर जिवंत गाय नाही. मेलेल्या गाईचा वारसा आपण नाकारला. जिवंत गाईवरचा हक्क अजून मागितलेलाच नाही.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी बदलापूरच्या पलीकडच्या एका पाड्यावर आमच्या ओळखीच्या एका बौद्ध कुटुंबाची पहिलीच गाय व्याली. कालवड झाली. त्या माऊलीने पहिला चीक वासराला पाजला, उरलेल्याचा खरवस केला आणि शेजारच्या सगळ्या घरांत, कातकऱ्यांच्या आणि कुणब्यांच्याही, स्वतः नेऊन दिला. वरून टाकला नाही. हातात दिला.

त्या दिवशी आम्ही खरवस खाल्ला.

जय भीम!